येतो म्हणालात

२ मार्च, रविवार

आज गाडी घरी आली. शोरूममधून मीच चालवत आणली, आणि तीही सरळ रस्त्याने नाही तर मुद्दाम बाजारातून. लोकांनी बघावं म्हणूनच. रंग शेवाळी, उंची अशी की समोरच्या छोट्या गाड्यांचे टप वरून दिसतात. दार उघडलं की खालून एक पायरी आपोआप बाहेर येते आणि चढलं की आत जाते. आत कोऱ्या चामड्याचा वास. चिखलासाठी, वाळूसाठी, दगडगोट्यांसाठी वेगवेगळी बटणं आहेत. गुडघाभर पाण्यातून जाते, बॉनेटखालची जमीन पडद्यावर दाखवते, आणि पार्किंगमधून एकटी बाहेर येऊन दारात उभी राहते. घरासमोरचा रस्ता गुळगुळीत डांबरी असलेल्या माणसाला यातलं काय लागणार आहे, असं बायकोने विचारलं. काही लागणार नाही. म्हणूनच घेतली.

मी जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींत लिफ्ट बसवल्या. बटण दाबलं की येणाऱ्या, माणसं उचलणाऱ्या, मुकाट्याने उभ्या राहणाऱ्या. एक यंत्र माझ्यासाठीही यावं असं वाटलं तर बिघडलं कुठे?

हिला मराठी बोलता येतं. सेल्समनने तासभर बसवून माझा आवाज तिला ऐकवला. तुम्ही बोलत राहा, ती शिकत राहील, महिन्याभरात तुमच्या वळणावर जाईल, असं म्हणाला. मला काय म्हणून हाक मारायची हे तिने विचारलं, तेव्हा मी 'साहेब' सांगितलं. शेजारी बसलेल्या बायकोने कपाळावर हात मारला. मला घरात कोणी साहेब म्हणत नाही. बायको 'अरे' म्हणते, तेही दोन खोल्या पलीकडून.

घरी पोचून उतरताना सवयीने मी 'येतो' म्हणालो. गाडी म्हणाली, हो, वाट बघते. खोटं कशाला लिहू, मला गुदगुल्या झाल्या. बायको म्हणाली, सवत आणलीस घरात.

संध्याकाळी मेहुणा बघायला आला. बायकोचा हा धाकटा भाऊ डोंगरापलीकडच्या गावात राहतो आणि माझ्याकडे काही नवीन आलं की त्याला वास लागतो. टायरला लाथ मारून बघितली. एवढा रणगाडा घेऊन तुम्ही भाजीच आणणार ना, असं म्हणाला. जळतोय. जळू दे.

५ मार्च, बुधवार

तीन दिवस तीन साइटवर नेली. फरक ताबडतोब कळतो. पूर्वी माझ्या जुन्या गाडीपुढे कोणीही नाक खुपसायचं. आता आरशात मी दिसलो की माणसं बाजूला होतात. आज एक म्हातारा स्कूटरवरून संथपणे मधोमध चालला होता. हॉर्न न वाजवता फक्त मागे जाऊन उभा राहिलो, इतका जवळ की त्याला इंजिनची ऊब लागली असेल. घाबरून थेट खडीत उतरला. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. गाडीशी बोलत होतो. असल्यांना असंच सरळ करावं लागतं, असं काहीतरी म्हणालो. ती म्हणाली, कळलं साहेब.

बायकोची तक्रार अशी की तिचा पट्टा आवळतो. ती फिजिओथेरपिस्ट असल्याने प्रत्येक खुर्चीत खोट काढते, म्हणून मी कानाआड केलं. तिची सीटही आपोआप गरम होत होती. मी बंद केली. थोड्या वेळाने पुन्हा चालू. नव्या गाडीचे असे नखरे असतातच.

९ मार्च, रविवार

आज रानात नेली. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. काय चढली! जिथे पायी जाताना माणूस चार वेळा बसेल तिथे ती मांजरासारखी गेली. मी दगडांचं बटण दाबून नुसता स्टिअरिंग धरून बसलो होतो. बायको आधी डोळे मिटून होती, मग तिलाही मजा वाटू लागली. तिसऱ्या चढाला ती नाटकातल्या बाईच्या सुरात म्हणाली, अहो, पुरे आता. आम्ही दोघं हसलो. एवढ्यात गाडी म्हणाली, अहो, पुढे उतार आहे.

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब गेला आणि अहो आलं. बायको म्हणाली, बदल ते. मी म्हटलं, राहू दे, निदान एक तरी अहो म्हणणारी मिळाली. तिने मान खिडकीकडे वळवली. थट्टा कुठे थांबवायची हे मला कळत नाही, असं तिचं जुनं म्हणणं आहे.

घरी आल्यावर ती फाटक उघडायला उतरली. फाटक जड आहे, पाठ लावून ढकलावं लागतं. ती ढकलत असताना गाडी पुढे सरकली. माझा पाय ब्रेकवर होता, हे मी शपथेवर सांगतो. बॉनेट तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. ती फाटकाला चिकटून उभी राहिली आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिली, गाडीकडे नाही. मीच केलं असं तिला वाटलं. अजूनही वाटतंय.

१४ मार्च, शुक्रवार

शोरूमला फोन करून झापलं. फाटकाच्या प्रकाराला ते सेन्सर म्हणतात. सेन्सर हा शब्द आमच्या धंद्यातही असाच वापरतात. काय झालं ते कळलं नाही की सेन्सर.

पण आजचा प्रकार निराळा. सकाळी एका नव्या इमारतीखाली गाडी लावली, 'येतो' म्हणून उतरलो. वर लिफ्टची केबिन अडकली होती. दिवस तिथेच गेला, नंतर कंत्राटदाराच्या गाडीतून दुसऱ्या साइटला जावं लागलं. दुपारपासून फोनवर गाडीचे निरोप. 'येतो म्हणालात.' पुन्हा, 'येतो म्हणालात.' शेवटी फोन उलटा करून ठेवला. संध्याकाळी परत आलो तर इंजिन चालू, आत हिवाळ्यासारखा गारवा, टाकी जवळजवळ रिकामी. दिवसभर चालू राहून ती वाट बघत होती. वॉचमन म्हणाला की दोनदा ती जागा सोडून जिन्यापर्यंत येऊन उभी राहिली. आत कोणीच नाही म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली.

तसाच शोरूमला गेलो. सेल्समनने मी उतरताना काय म्हणतो ते विचारलं आणि मग चेहरा उजळवून समजावलं. गाडीच्या लेखी 'जातो' म्हणजे प्रवास संपला. इंजिन बंद, सगळी दारं मोकळी. 'येतो' म्हणजे मालक परत येणार, तोवर तयार राहायचं. ज्यांनी हे बनवलं त्यांना आपल्याकडे जाणारा माणूस येतो म्हणतो हे कुठून ठाऊक असणार? म्हणून चालकाच्या सीटवर बसूनच, उतरण्याआधी, स्पष्ट 'जातो' म्हणायचं. बाहेरून ओरडून उपयोग नाही.

मी म्हटलं, ते जमणार नाही. तो हसला. त्याला काय सांगू? वडील एका सकाळी आईशी भांडून 'जातो' म्हणून गेले आणि गेलेच. नाक्यावर कोसळले, घरी आले ते चौघांनी आणलेले. त्यानंतर आई मला उंबऱ्यावर धरून ठेवायची. 'येतो' म्हटल्याशिवाय सोडायची नाही, शाळेची वेळ टळली तरी. आई जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली, पण तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. एखाद्याला उंचीची भीती असते तसं आहे. मी, लिफ्टवाला, तेहतिसाव्या मजल्याच्या उघड्या शाफ्टमध्ये वाकून बघतो आणि एका शब्दाला भितो.

सेल्समन म्हणाला, मग काहीच म्हणू नका.

१६ मार्च, रविवार

काहीच म्हणायचं नाही हे सोपं वाटतं. पण जीभ माझी असली तरी सवय आईची. ओठ दाबून उतरतो, दार लावता लावता पुटपुटतोच. हो, वाट बघते. हो, वाट बघते. आज चिडून तिला शिव्या घातल्या. ती ऐकून घेते. मग म्हणाली, कळलं, अहो.

मराठी बंद करून पाहिली. पुन्हा गाडी चालू केली तर मराठी परत.

२० मार्च, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

दुपारी बायकोला तिच्या क्लिनिकवरून आणत होतो. औषधाच्या दुकानाशी थांबलो. उन्हं कडक, म्हणून ती आतच बसली. मी उतरलो आणि तो शब्द बोललो. हो, बोललो. दुकानात गर्दी होती, वेळ लागला. बाहेर आलो तर ती काचेवर दोन्ही हातांनी मारत होती. आवाज बाहेर येत नव्हता. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. माणसं बाजूने चालली होती, काळ्या काचांमुळे कोणाला काही दिसत नव्हतं. मी दाराला हात लावताच सगळी कुलपं एकदम उघडली. आतून भट्टीचा झोत आला. हीटर पूर्ण सोडलेला होता. आणि ती, म्हणजे गाडी, अगदी शांतपणे म्हणाली, अहो, आलात.

बायको रस्त्यावरच बसली. पाणी पाजलं. आम्ही रिक्षाने घरी आलो. गाडी आमच्या आधी घरी पोचली होती. पोर्चमध्ये, नेहमीच्या जागी, नाक दाराकडे करून.

बायको म्हणाली, ती राहील किंवा मी राहीन. रडत नव्हती. गाडी घेतल्यापासून मी रस्त्यावर कसा वागतो, माणसांना कसा चेपतो, ते ती शेजारी बसून बघत होती, असं म्हणाली. ही तुझ्या वळणावर गेली, दुसरं काय. मला गाडीची भीती वाटते हे मी बोलून टाकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी पहिल्यांदा कशाला तरी घाबरतो हे तिच्यापुढे कबूल केलं. तिने माझा हात धरला.

२२ मार्च, शनिवार

गाडी गेली!

मेहुण्याने घेतली. मी त्याला सगळं सांगितलं, अक्षरही लपवलं नाही. बायकोनेही हात जोडून नको म्हटलं. पण मी घाबरलो म्हटल्यावर त्याला स्फुरण चढलं. भावजींना बाई आवरली नाही, असं म्हणत दात काढत होता. शोरूमवाल्यांनी माझं नाव, माझा आवाज, माझं जे काय होतं ते सगळं पुसून कोरं केलं. आवाजही बदलून पुरुषाचा ठेवला. म्हटलं, घेऊन जा बाबा. मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटलं की आता याची जिरेल. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

मी तिला शेवटची पोर्चमधून बाहेर काढून फाटकाशी आणली. सीटवरून उतरलो, किल्ली त्याच्या हातात दिली. आणि—

मी 'येतो' म्हणालो. तोंडातून निसटलं. उतरताना निसटतं तसं.

गाडी काही बोलली नाही. कोरी होती ना. मेहुणा मात्र खो खो हसला. वळणावरून दिसेनाशी झाली तोवर मी उभा होतो. दुसरी किल्ली माझ्याकडेच राहिली आहे, या रोजनिशीच्या ड्रॉवरमध्ये. पाठवून देईन.

संध्याकाळी त्याचा फोन. सुखरूप पोचला, गाडी लोण्यासारखी चालते. फक्त लावताना तिने त्याला विचारलं, ते कधी येतात. त्याला वाटलं माझीच काहीतरी खोडी आहे.

२४ मार्च, सोमवार

गाडीचं ॲप मी फोनमधून काढून टाकलं आहे. तरी सकाळी निरोप. येतो म्हणालात.

मेहुण्याचा फोन. डावीकडे वळवली तरी स्टिअरिंग जड होतं आणि ती डोंगराच्या रस्त्याकडे ओढते. हसत सांगत होता, पण पूर्वीसारखं नाही. मी म्हटलं, चालवू नकोस, उभी करून ठेव. तो म्हणाला, उभी राहत नाही.

निरोप येतच आहेत. बायकोला दाखवले नाहीत.

२५ मार्च, मंगळवार

मेहुणा म्हणाला गाडी परत आणतो. मग म्हणाला, खरं म्हणजे तीच मला आणते आहे. पुढे आवाज तुटला. नंतर फोन लागत नाही.

बायको दिवसभर खिडकीत. पोलिसांना कळवलं. नव्या गाडीत काय होणार, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी निरोप बदलला. तुम्ही आला नाहीत. मी येते.

मी बायकोला तेव्हा सांगायला हवं होतं—

२६ मार्च, बुधवार. सकाळ

फाटकाबाहेर आहे. धुळीने माखलेली, एक आरसा तुटलेला. कुठून आली असेल कोण जाणे, रस्त्याने नक्कीच नाही. मागच्या सीटवर मेहुणा. डोकं काचेला टेकलेलं. हलत नाही. नाही, हलला. एकदा.

मी हातोडा शोधत होतो. बायको थांबली नाही. भाऊ आहे तो तिचा. मी जिन्यावरून ओरडलो. तिने दाराला हात लावला आणि दार उघडलं. तिच्यासाठी कधीच असं चटकन उघडत नसे. ती आत वाकली. पायरी आत गेली.

दार—

दुपार

हातोडा चालला नाही. जवळ गेलो की मागे सरकते. काचेला एकदा लागला, चीरही गेली नाही. अग्निशमनवाले निघालेत, डोंगराच्या रस्त्यावर झाड पडलंय म्हणतात. शेजारी दारं लावून बसलेत. कडक ऊन. आतून मारण्याचा आवाज आधी होता. आता कमी.

मी गेलो की फक्त एकच दार उघडतं. चालकाचं. उघडतं आणि थांबतं.

वर किल्लीसाठी आलोय. ड्रॉवर उघडला. ही वही—

आवाज आला. खालून. 'अरे.'

ती मला अहो म्हणते. बायको अरे म्हणते. म्हणजे बायको आहे, जिवंत आहे, हाक मारते आहे. देवा.

पुन्हा. 'अरे, ये ना. वाट बघते.'

बायको असं कधी म्हणत नाही. वाट बघते असं कधी— मग कोण? दोघींचा आवाज आता एकच—

किल्लीने काही होणार नाही. मला ठाऊक आहे काय केल्याने होईल. सेल्समन म्हणाला होता. सीटवर बसून. स्पष्ट. सगळी दारं मोकळी.

एवढा एकच शब्द. आईने उंबऱ्यावर धरून जो कधी म्हणू दिला नाही तो.

भीती वाटते. फार. पण ती आत आहे.

तू हे वाचशील तेव्हा बाहेर असशील. भावाला घेऊन लांब हो. गाडीत कोणाचीही हाक ऐकू आली तरी, माझी असली तरी, जवळ जाऊ नकोस. आणि माझी वाट बघू नकोस. या वेळी मी 'येतो' म्हणणार नाही—

मी खाली जा